मी न तपासलेला राउटर

दिलीप गेल्याचा फोन दीड महिन्यापूर्वी मिरजेहून आला, तेव्हा मला आधी दुःख झालं नाही. आता कुणी विचारणार नाही, सुटलो... असं वाटलं. हे आजवर कुणापाशी बोललो नाही, बायकोपाशीही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याच्या एका छोट्या इंटरनेट केंद्रात होतो, दिलीप सांगलीच्या. साताऱ्याहून सांगलीला धाडलेली मेलसुद्धा आधी मुंबईला जाऊन यायची. दोन्ही केंद्रं थेट जोडायची, ही कल्पना त्याची. दोन्ही मालकांचा हात आखडता, त्यामुळे नवा राउटर परवडणार नव्हता. जुना बघायला मी मुंबईला निघालो तेव्हा दिलीप म्हणाला, "गड्या, बायकोला धा मिंटात पसंत केलास, ती निभावती म्हणून चाललंय. ह्याला मातुर दिवसभर चालवून बघ. तापल्यावर कसा वागतोय ते कळाय पायजे."

दुकानात मी तो अर्धा तास पाहिला, तोही एसीत. परतीची गाडी गाठायची होती. सांगलीत खोकं उघडताना त्याने विचारलं, "दिवसभर चालवलास न्हवं?"

"व्हय की," मी म्हणालो.

उन्हाळा लागला आणि सांगलीची जोडणी रोज दुपारी तुटायला लागली. "राउटर तू बघून आणलायस, म्हंजे चूक माझ्याच सेटिंगात हाय," म्हणत दिलीप सगळं पुसून पुन्हा नव्याने लिहायचा, राउटरच्या डब्याला मात्र हात लावायचा नाही. एक दिवस सांगलीचे मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "पुस्तकं वाचून इंजिनिअर होता येत नाही, दिलीपराव." त्या दिवशी मी सांगलीला आलो होतो, शेजारीच उभा होतो. "माजंच कायतरी चुकतंय, साहेब," तो म्हणाला. त्याच आठवड्यात त्याने काम सोडलं.

मला साताऱ्याहून बोलावून त्याच्या खुर्चीवर बसवलं. पहिल्याच दुपारी राउटरवर हात ठेवला तर चटका बसला. आतला पंखा तापला की अडकत होता. पंखा बदलला, जोडणी पुन्हा तुटली नाही. मालकांनी माझी पाठ थोपटली... आणि मी ती थोपटू दिली.

दिलीपने मिरजेत झेरॉक्सचं दुकान टाकलं. संगणक घ्या म्हणून लेक मागे लागली, तर म्हणायचा, "माज्या हाताला ते जमत न्हाई." बऱ्याच वर्षांनी भेटलो तेव्हा त्याने एकदाच विचारलं, "काय चुकलं हुतं रं माजं?" आता आठवत नाही, असं मी सांगितलं.

परवा त्याच्या घरी गेलो तर वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याची सेटिंगची वही पुढे ठेवली. "ही टाकू देत न्हवते. दुपारचं घिऊन बसायचे, चूक हुडकत." मी पानन् पान पाहिलं. कुठेही चूक नाही. वही मिटून त्यांच्या हातात दिली, चहा घेतला आणि उठून आलो.

हे लिहिलेलं छापून येण्याआधी मला मिरजेला जाऊन वहिनींना आणि लेकीला समोर बसून सांगायचं आहे, की दिलीपचं सगळं बरोबर होतं आणि मी खोटं बोललो होतो. तेवढं मी त्याचं अजून देणं लागतो.