बिनतिखटाचं वर्ष

आमचं तारनाक्याचं घर मराठी, पण उन्हाळ्यात ते निम्मं तेलुगू होतं. नवं आवकाय, म्हणजे मोहरीच्या पुडीतलं कैरीचं झणझणीत लोणचं, मुरलं की वडिलांनी परातीत गरम भात, तूप आणि ते लोणचं कालवायचं आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक मोठा घास ठेवायचा, ही शेजाऱ्यांकडून उचललेली रीत. गेल्या उन्हाळ्यात मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, कुकटपल्लीच्या माझ्या घरून, त्या घासासाठीच गेले. वडिलांनी सगळ्यांना दिलं आणि स्वतः दहीभात घेऊन बसले.

मी त्यांना विचारलं, तर उत्तर आईने दिलं. वय झालं, तिखट सोसत नाही. वर्षभर ती त्यांच्यापुरतं वरण वेगळं काढत होती, भाकरी दुधात कुस्करून देत होती. आमच्याकडे माया अशीच करतात. विचारायचं नाही, वाढायचं. मला मात्र त्या दहीभाताचा रागच आला. कोर्टातून आल्या आल्या हिरवी मिरची कचाकचा चावणारा हा वकील माणूस, आणि जन्मभर गालात सुपारी. सुपारी खाणाऱ्याचं तोंड नीट उघडतं का, हे तीन बोटं उभी घालून बघतात, एवढं मला ठाऊक होतं. मी त्यांना बघायला लावलं. दोन गेली, तिसरं अडलं.

वडिलांनी माझी उलटतपासणी सुरू केली. गाठ आहे का? नाही. रक्त येतं का? नाही. मग दवाखाना कशाला? "नक्को," म्हणाले, आणि पेपर उघडला. मला भीती होती ती कॅन्सरची. तो शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नाही. मी काढला. आई उठून आत गेली.

बाहेर आली ती आवकायभाताचा घास घेऊन. तो तिने त्यांच्या ताटात ठेवला.

"हा खाऊन दाखवा. खाल्लात तर मी दवाखान्याचं नाव काढणार नाही."

वडिलांनी हट्टाने अर्धा तोंडात घातला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. उरलेला अर्धा ताटात ठेवून त्यांनी हात धुतला. मग म्हणाले, "चला."

डॉक्टरांना गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण चट्टा त्याच वाटेला लागू शकणारा होता. सुपारी कायमची बंद, आणि ठरल्या वेळी तपासणी. डॉक्टर वडिलांना एवढंच बोलले की जळजळ सुरू झाली तेव्हाच यायचं होतं.

परतताना रिक्षात आई बाहेर बघत होती.

"वर्षभर जळत होतं तुमचं," ती म्हणाली, "आणि मी ते मऊ करकरून झाकत राहिले."

"सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस."

"घाबरले असते. पण घाबरायलाही तुम्ही समोर असायला हवेत ना."

वडिलांची सुपारी सुटली, कुरकुर सुटली नाही. त्यांचं वरण अजून वेगळंच निघतं, कारण जळजळ पुरती गेलेली नाही. फक्त वाटी ठेवण्याआधी आई आता विचारते, आज कसं आहे. आणि सगळ्या जगाची उलटतपासणी घेणारे माझे वडील निमूटपणे तोंड उघडून दाखवतात.