अध्यक्षांना स्टुलावर बसवणारे जजसाहेब

ये, इथं जवळ बस, आणि आधी तो टीव्ही बंद कर. त्या मोठ्या देशाच्या अध्यक्षाचा हुकूम कोर्टानं अडवला, तर तू म्हणतेस, लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला अडवणारे हे कोण? एवढी शिकलीस आणि असं विचारतेस? आमच्या जजसाहेबांची गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ही चूक माझीच.

जजसाहेब म्हणजे एसी दुरुस्त करणारे मेकॅनिक. आमच्या बौद्ध मंडळाच्या तक्रार समितीचे प्रमुख, म्हणून हे नाव. ज्या घरची तक्रार त्यांच्यापुढे असेल, तिथं ते पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. बहरीनचा ऑगस्ट, गच्चीवरच्या एसीशी झटून खाली उतरलेला माणूस, तरी नाही. "पाण्याला चव नसते ताई, पण आठवण असते," म्हणायचे.

दुसरी खोड स्टुलांची. तक्रार करणारा आणि ज्याच्यावर तक्रार तो, दोघांना सारखी प्लॅस्टिकची स्टुलं. सोफा कुणालाच नाही.

आणि आमचे अध्यक्ष? त्यांना सोफाही अपुरा पडायचा. चपला रांगेत ठेवा, एवढं सांगायलासुद्धा लेटरहेड आणि खाली शिक्का. स्वतःचा सत्कार स्वतःच ठरवायचा आणि वर "नको, नको" म्हणत शाल घ्यायची. आम्ही टाळ्या वाजवायचो, तेही सांगायला हवं.

तर मंडळातल्याच सुनंदानं भर सभेत विचारलं, जयंतीला अध्यक्षांची दोन भाषणं आणि बाईचं एकही नाही, असं का? दुसऱ्या दिवशी तिचं नाव मंडळातून खलास. वर आदेश, तिच्या घरी कुणी जायचं नाही. पोरगी सात महिन्यांची गरोदर, नवरा कायम शिफ्टवर, आई अकोल्यात अंथरुणाला खिळलेली. बाळंतपणाला तिचं आमच्याशिवाय होतं कोण?

तिनं समितीकडे अर्ज केला. चौकशी आमच्याच घरी होती, अराद भागातल्या. अध्यक्ष आले ते थेट सोफ्याकडे. जजसाहेबांनी स्टूल दाखवलं.

"तुम्हाला या जागेवर मी नेमलंय," अध्यक्ष म्हणाले.

"हो साहेब. नेमलंत तुम्ही, काम दिलं घटनेनं. बसा."

"अध्यक्षाच्या निर्णयाची चौकशी होत नसते."

"कुठल्या कलमात आहे, दाखवा." त्यांनी मंडळाची घटना पुढे सरकवली.

अध्यक्ष पानं उलटत राहिले. संविधानावर तासभर बोलणाऱ्याला मंडळाची अकरा पानं ठाऊक नव्हती. शेवटी म्हणाले, "यल्ला, चला, काय लिहायचं ते लिहा."

निकाल जेमतेम चार ओळींचा. सभासदाला काढायचा अधिकार सभेला, अध्यक्षाला नाही. सुनंदाचं नाव परत. तिच्या घरी न जाण्याचा आदेश रद्द.

मी म्हटलं, "माफीपण मागायला लावा की."

"तो अधिकार मला घटनेनं दिलेला नाही ताई. ओढून घेतला, तर मी आणि ते एकाच मापाचे."

तेव्हा मला राग आला होता त्यांचा. मुदत संपल्यावर अध्यक्षांनी त्यांच्या जागी मान डोलावणारा एक बैल शोधून आणला. पुढे व्हिसा संपला आणि जजसाहेब गावी गेले. त्यांच्यासारखा दुसरा काही मंडळाला मिळाला नाही.

निकालाच्या संध्याकाळी मी भरीत-भाकरीचा डबा घेऊन बुदैया गावात सुनंदाकडे गेले. मधले तीन सुट्टीचे शुक्रवार मी तिकडे फिरकले नव्हते. आदेश मीही मुकाट्यानं पाळला होता. तिनं दार उघडलं, डबा घेतला आणि हसूनच म्हणाली, "या मावशी. निकाल लागल्यावर आलात."

बाळंतपणाला मी तिच्याकडे पंधरा दिवस राहिले. तिनं ते वाक्य पुन्हा काढलं नाही. माझ्या कानातून मात्र अजून जात नाही.

तू पुन्हा लवकर ये गं. आणि आलीस की आधी तिच्याकडे जाऊ.