मला काढून टाका

मला नोकरी सोडायची होती, पण राजीनामा द्यायचा नव्हता. त्यांनी मला काढावं, आणि का काढलं ते सांगावं, एवढंच हवं होतं.

हे वेड घरातलंच. बाबा निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर कामाला होते आणि युनियनची पत्रकं वाटायचे. मी पाटीआधी पत्रकं वाचली. ‘स्वतःहून सही करू नका’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रकात असायचं. शेठ केबिनमध्ये बोलावून चहा पाजतो आणि राजीनामा लिहून घेतो, म्हणून तो चहासुद्धा प्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम होता.

मी कोन गावाच्या पुढे एका गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर होते. पॅकिंगच्या बायका किती वेळ रिकाम्या उभ्या राहिल्या, हे भरायचं माझं काम. बाई बाथरूमला गेली तरी ती रिकामी. एक दिवस मी ते भरणं बंद केलं. आता काढतील, म्हणून वाट पाहत बसले. मॅनेजर संध्याकाळी स्वतःच भरून टाकायचा.

मग माणसं कमी करायची ठरली. एकेका बाईला केबिनमध्ये बोलावणं येऊ लागलं. आत चहा, कोरा कागद, ‘घरगुती कारण’ असं लिहायचं. मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना समजावलं, लिहू नका, काढायचं तर त्यांना काढू दे. त्या माझ्याच डब्यातलं लोणचं घेत ऐकत होत्या. पाड्यावरून येणारी एक मोठी बाई शेवटी म्हणाली, “तुझं बरोबर हाय पोरी. पण पलीकडच्या गोडाऊनवाला हितंच फोन करून इचारनार, का काढलं म्हून. तुला काढलं तर तू पेपरात लिवशील. मी काय करू?”

सगळ्यांनी लिहून दिलं.

माझं बोलावणं आलं तेव्हा मी चहा बाजूला सारला आणि म्हणाले, “मी लिहून देणार नाही. तुम्ही काढा.”

मॅनेजर हसला. “मॅडम, आपको कौन निकालेगा?” मग मराठीत समजावत राहिला. मला काढलं तर मी लेबर ऑफिसला जाणार, गेटवर पत्रकं वाटणार. त्यापेक्षा मी बसून राहिलेलं कंपनीला परवडतं.

बाबांना सांगितलं तर ते खुलले. टेमघरच्या नाक्यावर दोघातिघांना सांगून आले, पोरीला हात लावायची हिंमत झाली नाही. त्यांना कसं सांगणार, की मला हात लावावा म्हणूनच मी थांबले होते. त्या रात्री मी लवकर झोपायला गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आता लांबच्या लांब टेबलावर मी एकटीच डबा उघडते. लोणचं संपत नाही. राजीनामा दिला तर मी त्यांचं काम सोपं करते. नाही दिला, तरी ते सोपं झालेलंच आहे.

परवा सकाळी गेटपाशी रिक्षातून उतरले, तर समोरून पलीकडच्या गोडाऊनचा टेम्पो चालला होता. आमच्याच बायका दाटीवाटीने उभ्या होत्या. ती पाड्यावरची बाई मला बघून वाकली.

“अजून न्हाय काढलं का गं तुला?”

बाकीच्या हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. मी मान हलवली. टेम्पो वळेपर्यंत त्या आपसात दुसरंच काही बोलू लागल्या होत्या. वॉचमन गेट धरून थांबला होता, म्हणून मी आत गेले.