मलायातले सामने

आमच्या बारामतीच्या घरमालकांइतका फुटबॉलवर जीव टाकणारा आणि जन्मात एकदाही फुटबॉलला पाय न लावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. लढाई संपल्यावर ते पलटणीबरोबर मलायात होते, पण लंगरी म्हणून. पलटणीचे सामने त्यांनी पाहिले ते भटारखान्याच्या दारात, हातात झारा धरून. त्या दारातून मैदानाचा अर्धाच भाग दिसत असे. त्यामुळे त्या अर्ध्या भागात काय काय घडू शकते याचे त्यांचे ज्ञान अचूक होते, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल ते अंदाजाने बोलत. तरीही पलटणीतून सुटून ते घरी आले तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या वर एक कातडी चेंडू होता, हवा काढून चपटा केलेला. बायकोने तो आधी पखाल समजून विहिरीवर नेला, असे ते स्वतःच सांगत.

पुण्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी बारामतीला गेलो आणि त्यांच्या अंगणातल्या दोन खोल्या पाहायला उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझे नाव, गाव, जात, पगार यांपैकी काहीच विचारले नाही. म्हणाले, "भाड्याचं मागनं बगू. आदी जरा चालून दावा." मी अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. ते ओट्यावर उकिडवे बसून माझ्या पोटऱ्यांकडे पाहत होते. "मदल्या फळीतलं गडी हाय तुमी," ते म्हणाले. "पळणार न्हाय, पर जागा सोडणार न्हाय. ऱ्हावा." माझ्या आधी खोली पाहायला आलेल्या एकाला, तो तालुका कचेरीत कारकून होता, त्यांनी पाय फेंगडे म्हणून खोली नाकारली होती, हे मला नंतर कळले. सगळे त्यांना आबा म्हणत. ते मला 'बातमीवालं' म्हणत, आणि माझ्या देखत दुसऱ्यांना सांगत की हा मनुष्य इमानदार आहे, पण याच्या डाव्या पायात काही नाही.

कालव्याच्या पाण्यावर सांगवीला त्यांची वांगी होती. आठवडी बाजाराला ते पाटी घेऊन बसत आणि गिऱ्हाईक दिसले की ऑफसाइडचा नियम समजावू लागत. पोत्यावर वांगी मांडायची, हिरवी एका बाजूची, जांभळी दुसऱ्या बाजूची, मधे लिंबू हा चेंडू. समजावता समजावता बाजार उठे. एकदा एका बाईने बराच वेळ ऐकून घेतले आणि कडेचे, गोलरक्षकाच्या जागेवरचे मोठे वांगे उचलून विचारले, "आबा, ह्यो गोली कसा दिला?" ते इतके दुखावले की ते वांगे त्यांनी विकलेच नाही. तालमीतले पैलवान त्यांची टर उडवत. "देवानं हात दिल्यात आन् चेंडूला हात लावायचा न्हाय? मंग हात कशाला?" आबा म्हणत, "भाकरी खायाला. तुमी तेवढंच करताय त्येंनी." शिट्टी त्यांच्या गळ्यात कायम असे. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टके लांबली तेव्हा, खेळ रेंगाळतो आहे असे वाटून की काय, त्यांनी ती सवयीने फुंकली. वाजंत्र्यांना वाटले इशारा झाला. वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या आणि लग्न मुहूर्ताच्या आधीच लागले. भटजींनी घड्याळ पाहिले, आबांकडे पाहिले आणि अंतरपाट गुंडाळला. त्या जोडप्याचे पुढे उत्तम चालले, याचे श्रेयही आबा घेत.

हे सगळे हसण्यासारखे होते आणि आम्ही हसत होतो. त्यापुढचे सांगताना हसू येत नाही.

त्यांची धाकटी बहीण तारा इंदापूर तालुक्यात सणसरला दिली होती. मेहुणे उसाचे बागायतदार, कारखान्याचे सभासद, मोजके बोलणारे. कारखान्याच्या वाटेवर उसाच्या गाड्या थांबायचा एक माळ होता. गाड्या नसतील तेव्हा आबा तिथे पोरांना खेळवत. पोरे अनवाणी. चेंडू बाभळीच्या काट्याने फुटला की सायकलच्या दुकानात पंक्चर काढून आणायचा. या पोरांत ताराचा मुलगा नामदेव होता. नामा डावखुरा, आणि नुसत्या हाताने नव्हे, पायानेही. डाव्या कडेने तो चेंडू घेऊन निघाला की तो चेंडू पायाने ढकलतो आहे की चेंडूच त्याच्या मागे येतो आहे, हे कळत नसे. खेळातले मला फारसे समजत नाही, पण एवढे मलाही दिसत होते. आबा तेव्हा शिट्टी तोंडात धरून वाजवायची विसरत.

पन्नासचे दशक संपत आले होते. मलायात आशियातल्या देशांच्या पोरसवदा संघांची स्पर्धा भरणार, अशी बातमी माझ्याच अंकात आली. विशीच्या आतली मुले, प्रत्येक देशाचा एकेक संघ. मलाया म्हटल्यावर आबांनी अंक माझ्या हातातून घेतला तो परत दिलाच नाही. त्याच हिवाळ्यात ते पोरांना दौंडवरून पुण्याला एका सामन्याला घेऊन गेले. पोरे हरली, पण सामना पाहायला आलेल्या एका जाणत्या प्रशिक्षकाने नामाला बाजूला घेऊन वय विचारले, पायाचे तळवे पाहिले आणि मुंबईच्या निवड शिबिराला यायला सांगितले. देशाचा संघ तिथून निवडायचा होता. अट एकच होती: बूट. अनवाणी खेळायचे दिवस संपले, बाहेरच्या देशांत आता बुटाशिवाय मैदानात घेत नाहीत, असे तो म्हणाला. नामाने त्याआधी वहाणेपलीकडे पायात काही घातलेले नव्हते.

आबांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून बूट मिळवले. कातडे चांगले होते, पण तळव्याची बोंडे झिजून सपाट झाली होती. बारामतीच्या चांभाराने बूट उलटेसुलटे केले आणि असले काम आपण कधी केले नाही, असे सरळ सांगितले. तेव्हा आबांनी विचार केला. विचाराची त्यांची पद्धत एकमार्गी होती. बुटाने जमीन धरली पाहिजे. जमीन धरण्याची विद्या तालुक्यात कुणाला येते? कारखान्याच्या फाटकाजवळ लिंबाखाली बसून उसाच्या गाड्यांच्या बैलांना पत्र्या मारणाऱ्या नालबंदाला. त्याने पत्री मारलेला बैल भरल्या गाडीला जुंपला तरी डांबरी चढावर घसरत नसे.

"खुराला ठोकतो तसंच ठोकू का, आबा?" नालबंदाने विचारले.

"तसंच ठोक. पोरगं घसरलं न्हाय पायजे."

त्याने मन लावून काम केले. खिळे नेहमीचे, खुराला लागतात तेवढे लांब. आतून टोके वाकवून त्यावर कातड्याचा तुकडा बसवला. माझ्यासह सगळ्यांनी ते बूट हातात घेऊन पाहिले आणि वाखाणले. नामा ते घालून माळावर पळाला तेव्हा मागे मातीत खळगे पडत गेले. आबा त्या खळग्यांकडे, एखाद्याने शेतातल्या पिकाकडे पाहावे तसे पाहत होते.

दोन-चार दिवसांनी नामा म्हणाला, "मामा, डावा बूट चावतुय."

"चावणारच. नवी वहाण कुणाला चावली न्हाय? काडू नगं. पाय शाना हुतो आपसूक."

यात वेडेपणाचे काही नव्हते. आमच्याकडे प्रत्येक घरात प्रत्येक मुलाला हेच सांगतात. नामाने बूट काढला नाही. ताराने एका संध्याकाळी पोराचे पाय धुताना तळव्याला बारीक भोक पाहिले. काटा मोडला असेल म्हणून तिने बिब्बा तापवून त्याचे तेल त्यावर लावले. हेही प्रत्येक घरात करतात. जखमेचे तोंड बंद झाले, वर काळी खपली धरली. मुंबईला निघायचा दिवस जवळ आला होता, म्हणून नामा सकाळ-संध्याकाळ पळत राहिला. पळताना खिळा त्याच जागी पुन्हा लागत होता. त्याने पुन्हा तक्रार केली नाही.

निघायच्या दिवशी पाय बुटात जाईना. पोटरीपर्यंत सूज होती आणि अंगात ताप. आबांनी बुटात हात घातला, आतला कातड्याचा तुकडा उचकटला आणि खिळ्याच्या टोकावर बोट ठेवले. नामाला त्यांनी पाठीवर घेतले आणि कारखान्याकडून बारामतीला निघालेली एक जीप रस्त्यात आडवे उभे राहून थांबवली. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डाव्या पायाचा पुढचा अर्धा भाग काढला. जीव वाचला हेच पुष्कळ, असे ते म्हणाले, आणि ते खरे होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मेहुणे आबांना म्हणाले, "झाला तुमचा खेळ?"

आबा खांबाला टेकून उभे होते. तारा खाली बसली होती. तिने वर न बघता म्हटले, "दादाला कशाला बोलता? बिब्बा म्या लावला."

"आन् बूट कुणी आनला?"

"तुमी पन पायलाच की हातात घिऊन," ती म्हणाली. मेहुणे त्यानंतर आबांशी बोलले ते थेट पुढच्या वर्षी, आणि तेही बैल हरवला म्हणून.

तापातून उठल्यावर नामाचा पहिला प्रश्न पायाबद्दल नव्हता. "मामा, संघ गेला का?" त्याने विचारले. आबा म्हणाले, "गेला की." तिथून ते सरळ माझ्या खोलीवर आले. "बातमीवालं, आपला संघ कुठवर पोचला?" मी त्यांच्यापुढे अंक ठेवला. बातमी दोन ओळींची होती, आतल्या पानावर, तळाला. स्पर्धा ठरल्याप्रमाणे होणार होती. भारताचा संघ मात्र जाणार नव्हता. कारण दिलेले नव्हते.

आबांनी त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. मला वाटले, त्यांना थोडे बरे वाटेल. नामा धडधाकट असता तरी मलायाला गेला नसता, असे मी म्हणूनही पाहिले.

"त्येच त्येला सांगू नगा," ते म्हणाले. "कुणी जानारच नव्हतं, मंग माजा पाय कशापायी गेला, आसं म्हनंल. त्येला काय सांगू म्या?"

दुसऱ्या दिवसापासून आबांनी मलायातले सामने सुरू केले. दुपारी ते नामाच्या खाटेशी बसत आणि रेडिओवर ऐकले म्हणून सामना सांगत. मलायाचे त्यांना सगळे पाठ होते. दुपारची ठरलेली सर, गुडघाभर चिखल, मैदानाच्या कडेची रबराची झाडे, पावसात भिजून दगडासारखा जड होणारा चेंडू. भारताचा संघ ब्रह्मदेशाशी हरला. मग हाँगकाँगशी हरला. मग सिलोनशी, अगदी थोडक्यात. स्पर्धेचे नियम पाहता इतके हरलेला संघ केव्हाच घरी यायला हवा होता, पण दवाखान्यात ते कुणाला माहीत नव्हते. हरण्याचे कारण रोज एकच असे. "गोली चांगला. मदली फळी चांगली. पर डावीकडं गडीच न्हाय रं. चेंडू तितं जातुय आन् कुणी न्हाय." अर्धे पाऊल गेलेल्या पोराला याहून मोठा मान द्यायची दुसरी रीत त्यांना सुचली नसावी. नामा आढ्याकडे पाहत ऐके. शेजारच्या खाटेवर इंदापूरकडचे एक म्हातारे होते, मांडीचे हाड मोडलेले. त्यांनी जन्मात फुटबॉल पाहिलेला नव्हता, पण सामन्याची वाट तेच जास्त पाहत. "आज कुनासंगं हाय, आबा?" ते सकाळपासून नर्सला विचारत.

मी एकदा गेलो तेव्हा सामना जपानशी होता. पाऊस पडून गेला होता. शिट्टी व्हायची होती. नामा आढ्यावरून नजर न काढता म्हणाला,

"मामा."

"काय रं?"

"रोज हरवताय. आज तरी जितवा की."

नामाला कधीपासून ठाऊक होते, कुणास ठाऊक. खाटेच्या लोखंडी कडेवर आबांचा हात होता, तो त्यांनी काढून मांडीवर ठेवला. नर्स औषधाची थाळी घेऊन आली आणि पुढच्या खाटेकडे गेली. या खाटेशी बसेपर्यंत फुटबॉलच्या बाबतीत हा मनुष्य कधी खोटे बोलला नव्हता. आताही त्यांना ते जड जात होते, असे दिसले.

"डावीकडं गडी न्हाय," ते शेवटी म्हणाले. "कसं जितायचं?"

"मंग मला घ्या."

आबांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसले, नाक पुसले, आणि टॉवेल पुन्हा घडी करून खांद्यावर टाकला. घसा खाकरून ते पुढे सरकले. सामना सुरू झाला. मधल्या फळीने चेंडू अडवला, मागे दिला, पुन्हा घेतला आणि उचलून डावीकडे टाकला. तिथे नामा होता. त्याने चेंडू छातीवर घेतला, पायाशी सोडला आणि कड धरून निघाला. पहिला जपानी चिखलात बसला. दुसरा आडवा आला. त्यालाही नामाने मागे टाकले आणि पुढे सगळे मैदान मोकळे होते. नामाने डोळे मिटून घेतले होते.

शेजारचे म्हातारे कोपरावर रेटा देऊन अर्धे उठले. "मंग? फुडं? मारला का न्हाय, आबा?"

"थांबा की, तात्या," आबा म्हणाले. "पोराला पळू तरी द्या."