साडूंची स्कोअरवही

धावा आणि गोल मोजण्यासाठीच जन्माला आलेला माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान हॉलंडमधल्या झूटरमेर गावात आमच्यापासून सायकलने सहा मिनिटांवर राहतात. त्यांनी आयुष्यात कधी बॅट धरलेली नाही, फुटबॉलला लाथ मारलेली नाही, आणि एक मजला चढायचा तर मध्ये एकदा कठड्याला टेकतात. पण कुठल्या खेळात गुण कशाचा धरायचा आणि कशाचा नाही, हे त्यांना झोपेतून उठवून विचारावं. मी त्यांच्यावर जळतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

एका रविवारी आम्ही दोघं घरामागच्या मैदानावर फुटबॉलचा सामना बघत उभे होतो. एका खेळाडूने फ्री किक मागे आपल्याच गोलकीपरकडे मारली. गोलकीपर बुटाची नाडी बांधत होता, आणि चेंडू त्याच्या शेजारून थेट गोलात गेला. पंचाने गोल दिला. साडू छत्री मिटून सरळ मैदानात शिरले आणि मोडक्यातोडक्या डचमध्ये शांतपणे म्हणाले, की फ्री किक थेट स्वतःच्याच गोलात गेली तर गोल धरत नाहीत, समोरच्यांना कॉर्नर मिळतो. कोणीतरी फोनवर नियम शोधला, तो साडूंच्या बाजूने निघाला. सामना संपल्यावर क्लबच्या कँटीनमध्ये लोकांनी त्यांना मध्ये बसवून कॉफी पाजली आणि बिटरबालन, म्हणजे इथले तळलेले खिम्याचे गोळे, खायला घातले. मी डचच्या सगळ्या परीक्षा पास झालेला, सात वर्षं त्याच कँटीनमध्ये जाणारा. मला त्या दिवशी एवढंच सांगण्यात आलं, की दार लावून घ्या, थंडी येते.

पण त्यांचा खरा जीव होंकबालमध्ये, म्हणजे इथल्या बेसबॉलमध्ये. तिथे तिसऱ्यांदा हुकलेला चेंडू मागच्या कॅचरच्या हातून सुटला, तर बाद झालेला गडी कधीकधी पहिल्या बेसकडे, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्याकडे, पळू शकतो आणि वेळेत पोचला तर खुशाल टिकतो. बॉलरच्या नावावर बळी मात्र लागतोच. त्यामुळे तीन गडी बाद झाले की संपणाऱ्या डावात एकाच बॉलरच्या नावावर चार बळी लागू शकतात. हे समजावताना साडूंपुढची आमटी गार होते आणि माझी बायको ती कौतुकाने दुसऱ्यांदा गरम करून आणते. माझी आमटी कोणी गरम करत नाही. फटक्यावर गडी बेसवर पोचला, तर ते त्याच्या फटक्याचं श्रेय की क्षेत्ररक्षकाची चूक, हे स्कोअरर ठरवतो. एकदा साडूंनी गाडीची किल्ली माझ्याकडे फेकली, ती कालव्यात गेली. मी ओरडणार तोच ते म्हणाले, "साध्या प्रयत्नात झेलता आली असती. चूक तुमच्या नावावर."

इथवर मी सगळं सोसलं असतं. पण माझी अकरा वर्षांची लेक सई ज्या मुलांच्या संघात खेळते, त्याच संघाचे साडू स्कोअरर झाले. सई माझ्या मराठीला डचमध्ये उत्तर देते. काकांशी मात्र फोनवर अर्धा अर्धा तास मराठीत वाद घालते, टीव्हीवरच्या कालच्या सामन्यातला फटका खरा की कोणाची चूक म्हणून. दर शनिवारी सकाळी पावसात गाडी चालवायची मी, ग्लोव्ह विकत आणायचा मी, आणि गाडीतून उतरताच ती पळायची काकांच्या टेबलाकडे. बॅग माझ्याच खांद्यावर राहायची.

मे महिन्यात साडूंची कंबर धरली आणि मी उडी मारून त्यांची स्कोअरची वही मागून घेतली. चोरून आठवडाभर नियम पाठ केले होते. सामन्याच्या शेवटच्या डावात सई दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी होती. तिच्याकडे सरपटत एक सोपा चेंडू आला आणि तिच्या पायांमधून मागे गेला. समोरचा मुलगा बेसवर पोचला. मी पेन्सिल उचलली आणि तो त्या मुलाचा उत्तम फटका होता असं लिहून टाकलं. बाप असण्याचा एवढा तरी फायदा मुलीला व्हायला नको का?

सामना संपल्यावर सईने सवयीने वहीवरून बोट फिरवलं आणि त्या ओळीवर थांबली.

"बाबा, हे हिट नव्हतं. माझ्या पायातून गेला."

मी म्हणालो, एवढंसं तर आहे, कोणाला काय फरक पडतो.

"मला पडतो. तू मला खोटं खोटं चांगलं करतोस." तिचे डोळे भरले. तिने वही टेबलावर आपटली आणि ग्लोव्ह तिथेच टाकून गाडीत जाऊन बसली. ती माझ्याशी मराठीत भांडली, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मी खोडरबर मागून आणला, फटका खोडला आणि चूक तिच्या नावावर लिहिली.

संध्याकाळी वही परत करायला गेलो. साडू गरम पाण्याच्या पिशवीवर पडले होते. खोडलेली जागा त्यांना लगेच दिसली. मी सगळं सांगितलं आणि आता निकाल ऐकायला मिळणार म्हणून मान खाली घालून बसलो.

"रडली?" त्यांनी विचारलं.

"रडली. वही आपटली. अजून बोलत नाहीये."

साडूंनी त्या ओळीवरून अंगठा फिरवला. त्यांना मूलबाळ नाही. आमच्या दोन्ही घरांत हा विषय कोणी काढत नाही.

"तीन वर्षांत मी तिच्या नावावर कितीतरी चुका लिहिल्या," ते म्हणाले. "थँक्यू काका म्हणते आणि जाते. माझ्यावर एकदाही चिडली नाही हो ती."

मी इतकी वर्षं या माणसावर जळत आलो. हाही माझ्यावर जळत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.