डुकराचा कान आधी उभा असतो

औरंगपुऱ्याच्या मागं नाला आहे, नाल्याच्या कडेला वस्ती आणि वस्तीच्या तोंडाशी माझं पंक्चरचं दुकान. डुकरांचा मला मनापासून राग आहे. ट्यूब तपासायच्या माझ्या टपात त्यांनी इतक्या वेळा तोंड घातलंय, की गिऱ्हाईक नाक धरून उभं राहतं. तरी त्यातल्या निम्म्या डुकरांची मालकीण दगडाबाई बाकड्यावर येऊन टेकली, की मी चहा सांगतो. हे कसं, ते मला बायकोलाही समजावता आलेलं नाही.

दगडाबाई साठी ओलांडलेली, अंगानं काटक आणि तोंडानं फटकळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा शिवम वाळूजला कंपनीत जातो आणि डुकरांचं नाव काढलं की उठून बाहेर जातो. सून तनुजा मात्र सासूबरोबर रिक्षातून हॉटेलांचं खरकटं आणते, कळपाला घालते.

जनावराचा कान आणि रंग बघून ते कोणत्या वाणाचं हे सांगावं तर दगडाबाईनंच. काळं अंग, खांद्यावर पांढरा पट्टा आणि पानासारखा ताठ कान, तो सरकारी फार्मातून आलेला विलायती वाण. तांबूस अंग आणि मधेच मोडून डोळ्यावर आलेला कान, तो दुसरा विलायती. आपलं गावठी काळं, आखूड कानाचं, पाठीवर राठ केसांचं. कॉलनीतली पोरं कुत्र्याची पिल्लं घेऊन तिच्याकडं यायची. एकानं केसाळ कानांच्या पश्मी जातीचं म्हणून आणलेलं पिल्लू तिनं मांडीवर घेतलं, कानावरची लव चिमटीत धरून बघितली आणि म्हणाली, "व्हय, हाय की पश्मी. पर आजीकडून." पोरगा हसत गेला, पिल्लाचे लाड काही कमी झाले नसावेत.

त्याच दिवशी ती मला म्हणाली होती, "कुत्र्याचा कान आधी पडलेला असतो, मग उभा ऱ्हातो. डुकराचा आधी उभा असतो, मग पडतो. म्हणून पिल्लावर कधी पैज लावू नाय."

वस्तीत डुकरं दिवसभर मोकळी हिंडतात, त्यामुळं प्रत्येक घराची कानावर खूण असते. पिल्लू लहान असतानाच वस्तऱ्यानं चीर मारायची आणि हळद भरायची. कुणाची डाव्या कानाला एक, कुणाची उजव्या कानाच्या टोकाला दोन. विकलं तर नवा मालक जुन्या खुणेशेजारी आपली खूण घालतो. पण दुसऱ्याच्या पिल्लावर न विचारता आपली चीर मारणं म्हणजे चोरी. ती चीर भरून येत नाही, आणि माणसाचं गेलेलं नावही. असा वाद झाला, की सगळे दगडाबाईकडं यायचे. ती सांगेल तो निकाल.

आठेक वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या दिराच्या, कडुबाच्या हातून वस्तीतल्याच सखारामच्या पिल्लाचा कान कापला गेला. कडुबा म्हणाला, चुकून झालं. दगडाबाईनं सगळ्यांसमोर सांगितलं, "कान चुकून कापला जात नाय." झालं. वर्षभर कडुबाच्या घरी कुणी चहा घेतला नाही, त्याच्या पोरीच्या हळदीला चार बायका जमल्या नाहीत. तेव्हापासून दीर-भावजयीचं बोलणं बंद. घरं समोरासमोर, आणि दोघंही दाराकडं पाठ करून बसायची.

यंदा उन्हाळ्यात दोघांच्या डुकरिणी एकाच आठवड्यात व्याल्या, त्याही नाल्यावरच्या एकाच पत्र्याखाली. दगडाबाईचा वाण पट्ट्याचा, ताठ कानाचा, कडुबाचा तांबूस. पण बाप एकच, वस्तीत मोकाट फिरणारा पट्ट्याचा नर, त्यामुळं पिल्लं सगळी सारखीच काळी, पट्ट्याची. दगडाबाईनं आपली पिल्लं गोळा केली, चिरा मारल्या, हळद भरली. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. ती तो कबूल करत नाही.

पावसाळा सरता सरता तिच्या खुणेच्या एका पिल्लाचा कान टोकाला वाकायला लागला. मग उन्हात त्याच्या काळ्या केसांत तांबूस झाक दिसायला लागली. बाकी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, जाण्यासारखं काही नव्हतंच. पण पिल्लू कडुबाच्या डुकरिणीचं, हे तिनं ओळखलं. ज्या नजरेवर वस्तीचा भरवसा, तीच नजर आता तिच्या मानेवर बसली.

बाकड्यावर येऊन तिनं मला हे सांगितलं तेव्हा चहा तसाच गार झाला. तनुजा म्हणाली होती, "आई, पुरता कान पडायच्या आत व्यापाऱ्याला देऊन टाकू. कुणाला कळणार हाय?" मलाही ते पटलं, उगाच खोटं कशाला बोलू. म्हातारपणी अब्रू घालवायची आणि तीही एका डुकरापायी? मी तसं म्हणालोही.

दगडाबाई म्हणाली, "ते जाऊ दे रं. कडुबाचं बी चुकूनच झालं आसंल का तवा?"

मी गिऱ्हाईकाचं चाक उघडायला घेतलं.

रविवारी सकाळी नळापाशी माणसं जमलेली असताना ती पिल्लू काखेत घेऊन आली आणि सरळ कडुबासमोर ठेवलं. "भावजी, हे तुमच्या डुकरिणीचं. माझ्या हातून चीर पडली. चुकून झालं."

बायकांचे हंडे भरून वाहायला लागले, तरी कुणी हलेना. कडुबानं पिल्लाचा कान उलटा केला, चीर बघितली, वाकलेलं टोक बघितलं. मग वर न बघता म्हणाला, "कान चुकून कापला जात नाय, वैनी. तुम्हीच सांगितलं व्हतं."

"सांगितलं व्हतं," दगडाबाई म्हणाली. "ते खोटं व्हतं. जातो कापला."

मी तिला घाबरलेली पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला फार वाईट वाटलं. कडुबा पिल्लाच्या पाठीवर हात फिरवत बसला. मग उठला, घरात गेला आणि आपला वस्तरा घेऊन आला. मला वाटलं, आता हा काय करतो. त्यानं वस्तरा तिच्यापुढं धरला.

"आता माझी खूण घाला."

"मी?"

"माझा हात आता थरथरतो. तुमच्या डोळ्याचं काम मी करतो. बरुबर जागा दावतो, तुम्ही कापा."

त्यानं कान धरला, बोट ठेवलं, आणि दगडाबाईनं त्या बोटाच्या कडेनं चीर मारली. हळद तनुजानं आणली. त्या दिवशी चहा कडुबाकडं झाला, मलाही होता. साखर जास्त होती.

तरीही लोक वाद घेऊन तिच्याकडंच येतात. परवा वस्तीतला संघपाल आणि त्याचा शेजारी एका पिल्लावरून भांडत आले. दगडाबाईनं कडुबाला समोरच्या घरातून हाक मारून बोलावलं. कडुबा कान बघायला वाकला. तिनं मात्र पिल्लाला हातही लावला नाही. चीर ज्यानं मारली होती त्याला आधी आपल्या ओट्यावर शेजारी बसवलं आणि विचारलं, "चुकून झालं का रं?"