चालतंय, की चालवून घेतोयस?

ड्रेस्डेनच्या देवस्थळी काकूंना आम्ही विद्यार्थी त्यांच्या माघारी 'श्पेरम्युल काकू' म्हणत असू. श्पेरम्युल म्हणजे लोकांनी रस्त्याकडेला काढून ठेवलेलं अवजड सामान. इतरांना त्यात मोडक्या खुर्च्या दिसत, काकूंना कॉम्प्युटर दिसत. पीएचडीसाठी येऊन मला आठवडाही झाला नव्हता. ट्रामच्या थांब्यावर एक अवजड जुना कॉम्प्युटर घेऊन उभ्या असलेल्या, पंजाबी ड्रेसवर जाड जाकीट घातलेल्या एका बाईंनी माझ्या पिशवीवरचं पुण्याच्या दुकानाचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "पुण्याचा ना? मग हे एका बाजूनं उचल." ओळख पुढच्या दोन थांब्यांत झाली.

काका इथल्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. काकूंनी मिरजेला वीस वर्षं टीव्ही दुरुस्ती शिकवलेली, पण इथे त्यांच्या डिप्लोम्याची 'आनेरकेनुंग', म्हणजे मान्यता, कुठल्याशा टेबलावर अडकली होती. "कागद येतील तेव्हा येतील," त्या म्हणायच्या, "हात काही मंजुरीला पाठवले नाहीत मी." त्या हातांनी तळघर भरलं होतं. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत जुनी ग्राफिक्स कार्डं, प्रत्येकावर चिठ्ठी. पडद्यावर चित्र काढतं ते कार्ड आणि कॉम्प्युटरला त्याच्याशी बोलता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. कंपन्या चार-सहा वर्षांत जुन्या कार्डांशी बोलणं टाकतात. मग लिनक्स या खुल्या, फुकट प्रणालीवर काम करणारी स्वयंसेवक मंडळी आपापल्या घरी बसून असे ड्रायव्हर जिवंत ठेवतात, सगळ्यांना खुले. त्या मंडळींत एक तळघर काकूंचं.

'चालतं' हा शब्द काकूंसमोर उच्चारायची सोय नव्हती. "चालतंय, की चालवून घेतोयस?" हा प्रश्न ठरलेला. माझी गळकी सायकल, माझा रूममेट, माझा प्रबंध, सगळ्यांना त्यांनी तो लावला. प्रबंधाच्या बाबतीत मी उत्तर टाळलं.

त्यांची तपासायची पद्धतही खास. कार्ड लावायचं, पडद्यावर एक फोटो उघडायचा. फोटो त्यांच्याच घरच्या ताटाचा: वरणभात, टोमॅटोची कोशिंबीर, लिंबाची फोड, कोथिंबीर. मग कॉम्प्युटर झोपवायचा, म्हणजे 'स्लीप'वर टाकायचा, उठवायचा आणि ताट पुन्हा बघायचं. "झोपेतून उठल्यावर माणूस कळतो," त्या म्हणत, "यंत्राचंही तेच." काही कार्डं उठली की लाल आणि निळ्याची अदलाबदल करत. टोमॅटो निळा व्हायचा आणि वरण आकाशी. काका वरून हाक मारून विचारायचे, "अगं, आज वरण कुठल्या रंगाचं?"

ड्रायव्हरची दुरुस्ती त्या मंडळींकडे पाठवताना तिच्या खाली 'टेस्टेड बाय' अशी ओळ असते आणि तिथे तपासणाऱ्याचं नाव जातं. ती ओळ कायमची नोंदीत राहते. काकूंनी तिथे स्वतःचं नाव कधीच घातलं नाही. "मला काय नोकरी शोधायचीय? तुम्ही घाला, बायोडाटाला होईल." मात्र ज्याचं नाव, त्याने त्यांच्यासमोर बसून स्वतः तपासायचं, ही अट. चहा मिळायचा, सूट नाही.

एकदा ती सूट मी परस्पर घेतली. माझीच दुरुस्ती होती, शुक्रवार होता, काकू वर होत्या आणि मित्र बाहेर खोळंबले होते. कॉम्प्युटर सुरू झाला, वरण पिवळंधमक दिसलं. झोपवून उठवायचं मी टाळलं आणि खाली नाव ठोकून दिलं. काकूंनी विचारलं तेव्हा "चालतं" म्हणालो.

दोन-तीन महिन्यांनी त्या मला एका फेराइनमध्ये घेऊन गेल्या. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून नव्याने देशात आलेल्या लोकांना देणारी ती छोटी संस्था, आणि तिथली निम्मी यंत्रं काकूंची. एक सिरियन नर्स भाषेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. कॉफी आणायला ती उठली की यंत्र झोपायचं, परत येऊन उठवलं की पडदा काळा आणि लिहिलेलं गायब. काकूंनी शांतपणे माझी ओळख करून दिली, "हा निनाद. यानेच तपासलंय." बाई उठून उभी राहिली आणि हात पुढे करून "डांके" म्हणाली. काकू माझं कौतुक करताहेत, असंच तिला वाटलं होतं. ते आभार घेताना मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. परतताना ट्राममध्ये काकू एवढंच म्हणाल्या, "नाव घातलंस ना? मग नावाला जाग." रविवारी मी ती चूक निस्तरली, दहा वेळा झोपवून आणि उठवून.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले आणि दोघं मिरजेला परतायला निघाले. तळघर रिकामं करताना काकूंनी एका जातीची दोन कार्डं बाजूला काढली. फेराइनमधली बरीच यंत्रं त्याच जातीवर चालतात. एक माझ्या हातात दिलं, दुसरं पोळ्यांच्या फडक्यात गुंडाळून आपल्या पर्समध्ये ठेवलं. "कुणी कधी विचारलं, हे कुणाकडे आहे का, तर हात वर करायचा. गप्प बसणाऱ्यांच्या वस्तू आधी मोडीत निघतात." स्टेशनवर मला रडू आलं. त्यांनी "अरे, काय हे" म्हणत माझ्याच मफलरने माझं नाक पुसलं.

चार महिन्यांत तो प्रश्न आलाच. स्वयंसेवकांच्या ईमेलच्या गटावर, म्हणजे मेलिंग लिस्टवर, ड्रायव्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं: या जुन्या कार्डांवर आता कुणी काही तपासत नाही, झोपेनंतर रंग बिघडतात अशी तक्रारही पडून आहे, दोन आठवड्यांत कुणी बोललं नाही तर ड्रायव्हर काढून टाकतो. म्हणजे फेराइनमधली यंत्रं पुन्हा रस्त्याकडेला. मी हात वर केला. कार्ड लावलं, झोपवलं, उठवलं. वरण आकाशी!

चूक सापडायला आठवडा गेला. दुरुस्ती पाठवली, तर गृहस्थ म्हणाले, नियम आता बदललाय, ज्याने दुरुस्त केलं त्याच्याखेरीज आणखी कुणीतरी तपासायला हवं. मी काकूंना निरोप धाडला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस उत्तर नाही. मुदतीला एकच दिवस उरला.

त्या सकाळी लिस्टवर कुणा कुंदा देवस्थळी यांचं उत्तर होतं. मला आधी वाटलं, काकूंची जाऊबाई असावी. खाली तपशील: वीज गेल्यामुळे उशीर, क्षमस्व. वीस वेळा झोपवून उठवलं. दोन पडदे लावून पाहिलं. वरण पिवळं आहे. आणि शेवटी ती ओळ, 'टेस्टेड बाय' पुढे तेच नाव.

सहा वर्षं त्या घरात जेवलो आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. जर्मन घंटीच्या पाटीवर फक्त आडनाव, काका 'अगं' म्हणायचे, आम्ही 'काकू'. ड्रायव्हर वाचला, हे कळल्यावर मी फोन लावला.

"काकू, तुमचं नाव कुंदा?"

"मग? काकू म्हणूनच जन्मले की काय?"

"पण यावेळी तुम्ही नाव घातलंत."

"अरे, इथे घालायला दुसरं कोण आहे? आणि तपासलं मी होतं ना." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "पुढच्या सोमवारपासून पॉलिटेक्निकच्या आठ मुली हे शिकायला यायच्यात घरी. कार्ड एकच आहे. श्पेरम्युलवर नजर ठेव, कुणी इकडे येणारं असेल तर धाडून दे. आणि प्रबंध?"

"चालतंय, काकू."

पुढचा प्रश्न ठरलेला. तो यायच्या आत मीच म्हणालो, "नाही. बसतो आज."